रिकामी झोळी

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात जामखेडकडच्या एका वस्तीवर भारतीची अडीच वर्षांची दिशा दारातल्या हौदात बुडून गेली. पाण्यात पडलेला तांब्या धरायला वाकली होती, एवढंच.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीच्या विमलबाईंनी मुलांची वजनं घ्यायला आढ्याला काटा टांगला. त्याची कापडी झोळी रिकामी होती, तरी आकडा दहा किलोवर गेला. दिशाचं शेवटचं वजन तेवढंच होतं. काटा बिघडला असेल म्हणून विमलबाईंनी तो बदलून आणला. नव्या काट्यावर पुढच्या महिन्यात पाव किलो जास्त भरलं.

तिसऱ्या महिन्यात भर दुपारी भारती येऊन उंबऱ्याशी बसली. ताणलेल्या रिकाम्या झोळीकडं ती बघत राहिली.

“किती भरलं, बाई?”

खोटं बोलावं असं विमलबाईंच्या मनात आलं, पण तोंडातून आकडाच निघाला. “साडेदहा.”

“अंग धरायलीय,” भारती म्हणाली. “आता उतरवा तिला. लई येळ लोंबकळत ठिवलं की रडती ती.”

विमलबाईंनी सवयीनं झोळीखाली हात घातले. काटा शून्यावर आला आणि सगळा भार त्यांच्या हातांवर उतरला.