आवाज फाटतो तिथे

कोलकात्याच्या विद्यासागर सेतूवर गाड्या रेंगाळत होत्या. विनीताने पुन्हा एकदा गाण्याचा आवाज कमी केला आणि हेमंतने स्टिअरिंगवरचं बटण दाबून तो परत चढवला.

"फाटतोय आवाज," ती म्हणाली.

"कुठे फाटतोय? छान येतोय."

डिकीत मागच्याच आठवड्यात बसवलेला सबवूफर, बासचा मोठा स्पीकर, धडधडत होता. दर ठोक्याला मागची काच थरथरायची आणि ठोक्याच्या टोकाला कोरडी खरखर यायची, कुणी कापड टरकावल्यासारखी. विनीताचे दात शिवशिवले. अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपल्यावरही आवाज चढवत राहिलं, तर तो आवाजाची टोकं छाटून पुढे पाठवतो आणि वूफरची कॉइल तापत जाते, असं मल्लिक बझारच्या फिटरने दोघांना सांगितलं होतं. खरखर आली की लगेच कमी करा, म्हणाला होता. हेमंत तेव्हा हसला होता. गार्डन रीचच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या इंजिनिअरला हे नवीन नव्हतं.

पूल उतरताना जळका वास आला. आधी तिला तो पुढच्या ट्रकचा वाटला. मग तिने मागे वळून हुंगलं आणि काही न विचारता सगळं बंद करून टाकलं.

मंदिरतलाच्या एका चहाच्या टपरीपाशी हेमंतने गाडी बाजूला घेतली. डिकी उघडताच जळलेल्या वॉर्निशचा भपकारा आला. टपरीवाल्याने विचारलं, पाणी आणू का? हेमंतने मान हलवून नको म्हटलं. त्याने वूफरचा पडदा बोटांनी हळूच दाबला. आत काहीतरी घासलं. तो तसाच वाकून उभा राहिला.

विनीता चिडून खाली उतरली होती. इतकं सांगूनही ऐकलं नाहीस, असं तिच्या ओठांवर आलं होतं, आणि त्या शब्दांपाशीच ती थांबली. हल्ली लेकीचा, सानिकाचा, पुण्याहून फोन आला की दोन वाक्यांत तो फोन हिच्याकडे द्यायचा. पोरीच्या बोलण्याला तो नुसतं "बरं, बरं" म्हणायचा.

"हेमंत, तुला ती खरखर ऐकूच येत नव्हती का?"

तो रुमालाने बोटं पुसत राहिला. मग रस्त्याकडे बघत सांगू लागला. वर्ष झालं असेल. बारीक आवाज हळूहळू गेले. गाणी सपाट झाली. गोदीत पत्र्यांवर हातोडे चालतात तिथे कुणाच्या लक्षात येत नाही, सगळेच ओरडून बोलतात. पण शुक्रवारी कानांची तपासणी होती, आणि त्यात नापास झाला तर नव्या जहाजाच्या समुद्रातल्या चाचणीला त्याला कुणी नेणार नव्हतं. त्या जहाजाच्या पहिल्या पत्र्यापासून तो होता.

"बास निदान छातीत कळतो," तो म्हणाला.

शुक्रवारच्या आधी आपण दोघं डॉक्टरकडे जाऊ, असं ती म्हणाली. या वेळी तिने त्याच्यासमोर येऊन, सावकाश सांगितलं. त्याच्या ते लक्षात आलं आणि त्याचा चेहरा ओढल्यासारखा झाला. त्याने डिकी लावली. शिबपूरला त्यांचे मित्र सलील आणि वृंदा जेवायला थांबले होते. त्यांच्यापुढे यातलं काही काढू नकोस, एवढंच तो बोलला.

उजवा इंडिकेटर देऊन त्याने गाडी रस्त्यावर घेतली. पुढे रस्ता सरळ होता, तरी इंडिकेटर चालूच राहिला. मागचा स्कूटरवाला तो वळेल म्हणून थोडा वेळ खोळंबला, मग हॉर्न मारत डावीकडून निघून गेला.

"शांत वाटतंय ना आता," हेमंत म्हणाला.

विनीता हो म्हणाली, आणि इंडिकेटरची टिकटिक ऐकत बसून राहिली.