चाळीस फूट आत

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या घरात वत्सला दिघे अनवाणी चटईवर उभ्या होत्या. गावाकडच्या त्यांच्या शेतातली प्रत्येक थरथर त्या चटईत उमटत असे. आज ती खोलवरून, तिरकी येत होती.

त्यांनी तेल कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. "तुमचं ड्रिल माझ्या शेताखाली शिरलंय. तिथे गावच्या विहिरीचे झरे आहेत. मी परवानगी दिलेली नाही."

"बाई, आम्ही शेजारच्या शेतात खोदतोय."

"बांधाच्या चाळीस फूट आत आलात. बघून सांगा, मी थांबते."

पलीकडून कळफलकाची टकटक ऐकू आली. मग थरथर थांबली.

"मागे घेतो," तो म्हणाला.

तासाभराने तळव्यांना असंख्य हलकी पावलं जाणवली. शेत सांभाळणाऱ्या गंगूबाईंचा फोन आला.

"ताई, मशीन परत चाललं. सगळा गाव तुमच्या शेतात नाचतोय. कळतंय का तिकडे?"

वत्सलाबाईंनीही ठेका धरला होता.