यमुताईंची फियाट

"गाडी लॉक केली होती का, बाई?"

"केली होती. किल्ली ही काय, माझ्याजवळ." डॉ. यमुताई गजभिये यांनी पर्समधून घासून गुळगुळीत झालेली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

इन्स्पेक्टर चंपतरावांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि मान हलवली. "सध्या नागपुरात फियाटीच जास्त जाऊन राहिल्या. चोरांजवळ एक घासलेली किल्ली असते, तिनं सगळ्या उघडतात. मग नंबर बदलायचा, सीटची कव्हरं बदलायची, डेंट काढून घ्यायचा. मालकाच्या पुढून गेली तरी त्याले ओळखू येत नाही."

"मला येईल," यमुताई म्हणाल्या.

नागपूरच्या महाल भागात त्यांचा दवाखाना होता. दारावर डेंट पडलेली राखाडी फियाट स्वतः चालवत त्या आसपासच्या खेड्यांत बाळंतपणाला जात. गाडी येताना दिसली की घरातल्या बायांचा अर्धा घोर तिथंच मिटायचा. आता गाडी गेली होती आणि यमुताई कवडूच्या सायकलरिक्षातून फिरत होत्या. कवडूच्या तिन्ही पोरी त्यांच्याच हातच्या, त्यामुळे तो दुसरी सवारी घ्यायलाच तयार नव्हता.

सगळी वस्ती गाडी शोधायला लागली होती. भाजीवाली प्रेमिला रोज कुठली तरी फियाट पाहून येई. एकदा ती हिरवी निघाली. "रंग दिला असन वं बाई त्यानं," ती म्हणाली. यमुताई पोट धरून हसल्या. पण बोलावणं आलं की हसू पळायचं. रिक्षानं कुठवर जाणार? मागच्याच आठवड्यात एका गावी त्या पोचल्या तेव्हा बाळ जन्मलंही होतं. नशिबानं बाळ-बाळंतीण सुखरूप होती.

आणि मग बेसा गावाहून, दिवस भरत आलेल्या ताराचा दीर सायकल मारत आला. धापा टाकतच म्हणाला, "बाई, वहिनीले कळा सुरू झाल्या. सुईण म्हणते पोरगं पायाळू आहे."

यमुताईंनी काळी बॅग उचलली. भर दुपारच्या उन्हात कवडू उभा राहून पायडल मारत होता, तरी बेसा काही जवळ येत नव्हतं.

सक्करदऱ्याच्या चौकात त्यानं एकदम ब्रेक दाबला.

"बाई! ते पाहा!"

लस्सीच्या दुकानासमोर राखाडी फियाट उभी होती.

यमुताई उतरल्या. नंबर वेगळा होता. सीटवर लाल कव्हरं होती. दारावरचा डेंट गायब होता. चंपतरावांनी सांगितलं होतं ते एकेक करून सगळं समोर दिसत होतं.

"ही आपलीच आहे का गा, कवडू?"

"किल्ली लावून पाहा ना!"

त्यांनी किल्ली लावली. दार उघडलं.

कवडूनं अशी आरोळी ठोकली की अख्खा चौक वळून पाहू लागला. "बाईची गाडी सापडली! चोरीची गाडी सापडली!" बघता बघता गर्दी जमली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. संत्रेवाल्यानं आपली हातगाडी बाजूला ओढून रस्ता मोकळा करून दिला.

"चोर दुकानात असन, धरू का?" कवडूनं बाह्या सरसावल्या.

"चोर नंतर. तारा आधी. बस आत!"

एरवी धक्का दिल्याशिवाय न उठणारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "चोरानं इंजिनचंही काम करून घेतलेलं दिसतं," यमुताई म्हणाल्या. कवडू पहिल्यांदाच गाडीत पुढच्या सीटवर बसला होता. तो खिडकीतून हात काढून दिसेल त्याला बाजूला सारत होता. त्याची रिक्षा चौकातच राहिली होती.

बेस्यात ताराचे सासरे रामाजी दारातच उभे होते. गाडी पाहून त्यांनी हात जोडले. आत तारा घामानं भिजली होती, ओठ पांढरे पडले होते. यमुताईंनी सुईणीला बाजूला केलं नाही, सोबत घेतलं. "घाबरू नको वं तारा. मी आली ना. मी सांगेन तेव्हाच जोर लाव." सुईणीनं ताराचे खांदे धरले. मग ओसरीवरच्या सगळ्यांना एक खणखणीत रडणं ऐकू आलं.

पोरगी झाली होती. जाडजूड, आणि भलती रागावलेली.

रामाजींनी गाडीला झेंडूचा हार घातला. "थोडा उशीर झाला असता तर..." एवढंच म्हणून त्यांनी बर्फीचा पुडा यमुताईंच्या हाती दिला. परतीच्या वाटेवर कवडू गात होता आणि यमुताई त्याला थांबवत नव्हत्या.

संध्याकाळी त्यांनी घरामागच्या शेडमध्ये गाडी लावली आणि बर्फी घेऊन दवाखान्यात आल्या. बाकावर चंपतराव बसले होते. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

"घ्या, तोंड गोड करा," यमुताई म्हणाल्या. "गाडी सापडली!"

"म्हणजे तुम्हाले कळलं पण?" चंपतरावांचा चेहरा जरा उतरला. "मी म्हटलं आपण स्वतः जाऊन सांगावं. आत्ताच तर कामठीहून आणली. ठाण्याच्या आवारात उभी आहे. नंबर तोच, डेंट तोच, काही बदललं नाही."

यमुताई बर्फीचा पुडा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"पण बाई, माझ्या डोक्याले आता नवीन ताप," चंपतरावांनी बर्फीचा तुकडा उचलला. "माझे सासरे वर्ध्याहून आले, सक्करदऱ्यात लस्सी प्याले थांबले, आणि भर चौकातून त्यांची फियाट गेली. लोक टाळ्या वाजवून राहिले होते म्हणे! बायको म्हणते, टोळीचा म्होरक्या धरल्याशिवाय घरी येऊ नका. आणि म्होरक्या कोण, माहीत आहे? काळी बॅग घेतलेली एक बाई!"