बरणीतला पाइप

आमच्या दिंडोशीच्या नव्या टॉवरमध्ये बिल्डरने योगा हॉलची फरशी गरम करायची सोय दिली. मुंबईत फरशी फुकटात तापते, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

काँक्रीटमध्ये गरम पाण्याचे प्लास्टिकचे पाइप. आमचे सेक्रेटरी शरच्चंद्रकाका रिटायर्ड केमिस्ट. "वॉटरप्रूफिंगच्या केमिकलने पाइप खाल्ला तर?" म्हणत त्यांनी हॉलचा ताबाच घेतला नाही. सहा महिने बायकोच्या, म्हणजे उत्तराकाकूंच्या, लोणच्याच्या बरण्यांत पाइपचे तुकडे बुडवून ठेवले. सिमेंटच्या पाण्यात, वॉटरप्रूफिंगमध्ये, फिनाइलमध्येसुद्धा. तुकड्यांना काही झालं नाही. त्या वर्षी काकूंनी लोणचं विकत आणलं.

उद्घाटनाच्या सकाळी पहिल्यांदा पाइपांत पाणी सोडलं आणि बघता बघता हॉलमध्ये तळं झालं. काका बिल्डरवर उखडले, "मला दाखवलंस एक केमिकल आणि ओतलंस भलतंच! पाइप खाल्ला ना त्याने?"

"काका, जरा इकडे बघा ना," सेक्रेटरींची शेजारीण गंधाली म्हणाली.



काकांनी आदल्या दिवशी स्वतः उभं राहून चार स्क्रूंनी फरशीत पक्का बसवून घेतलेल्या बोर्डाच्या बुडातून पाणी उसळत होतं: 'खाली पाइप आहेत. फरशीला ड्रिल मारू नये. हुकुमावरून, सेक्रेटरी.'