पांढऱ्या धुराची पाणबुडी

“ताबडतोब जहाज सोडा!” जर्मन पाणबुडीवरच्या अधिकाऱ्याने कर्ण्यातून बजावलं, तेव्हा युसुफ डेकवर होता. त्याचा धाकटा भाऊ दाऊद खालच्या लोकांना बोलवायला धावला, तो वर आलाच नाही. रत्नागिरीचे हे दोघे ब्रिटिश मालवाहू जहाजाच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकायचे. पहिल्या महायुद्धाचं ते दुसरं वर्ष.

पाणबुडीच्या तोफेचे गोळे लागून जहाज बुडताना युसुफने होडीतून पाहिलं. त्याला रडू आलं नाही.

पाणबुडी जुन्या बांधणीची होती. तिचं इंजिन घासलेटवर चालायचं आणि ती पाण्यावर असली की पांढऱ्या धुराचा लोट लांबून दिसायचा. तोच पाहून एक ब्रिटिश युद्धनौका धावून आली. पाणबुडीला बुडी मारायलाही वेळ मिळाला नाही. युद्धनौकेने तिला मधोमध धडक दिली आणि ती दुभंगून खाली गेली.

थोड्या वेळाने एक जर्मन खलाशी पोहत येऊन होडीला लटकला. विशीतला असेल.

“बुडू दे मेल्याला!” मागून कुणीतरी ओरडलं.

खलाशांचा मुकादम, म्हातारा इब्राहिमचाचा, युसुफकडे वळला. “भाऊ तुझा गेलाय. तूच सांग.”

युसुफला राग यायला हवा होता. आला नाही. हात तेवढे पुढे झाले आणि त्याने त्या पोराला काखेत धरून वर ओढलं.

“होडी भरलीय रे. बसवायचा कुठे?” चाचांनी विचारलं.

“माझ्याजवळ,” युसुफ म्हणाला. “दाऊदसाठी धरली होती जागा.”