चार अंश

लसींच्या शीतगृहाची आकडेवारी सांभाळणारी ती सकाळपासून संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. तापमान चार अंश, खाली ‘आत्ताच अद्ययावत’. वेळ दर मिनिटाला बदलत होती, आकडा मात्र जागचा हलत नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली. वेळ ताजी आणि आकडा शिळा, असं तर नाही? तिने शीतगृहाच्या सुपरवायझरला फोन लावला.

“काका, तापमान किती आहे?”

“चार. डोळ्यांनी बघून सांगतोय.”

तिचा जीव भांड्यात पडला. “म्हणजे आत जाऊन आलात?”

“आत कशाला? तुझाच पडदा इथंही समोर आहे की, पोरी!”

“काका, आधी दार उघडा!”

कडी वाजली.

“पोरी, आत तर उकडतंय गं. आणि लसींची गाडी मी मघाशीच सोडली.”