जिलेटिनचा हात

इजिप्तमधल्या अस्वानच्या प्रयोगशाळेत नब्राने जिलेटिनचा एक हात घडवला होता. आत बारीक नळ्यांतून रक्त खेळायचं, वर गर्द सावळी कातडी. तो रंग जुळवायला तिने वर्षं घातली होती. रक्तातला प्राणवायू मोजणारं कुठलंही यंत्र आधी या हातावर खरं उतरायचं, मगच इस्पितळात जायचं.

आज डॉक्टर मुराद आपल्या कारखान्याचं यंत्र घेऊन आले. त्यांनी यंत्राचा चिमटा जिलेटिनच्या बोटाला लावला.

"शहाण्णव! बघ पोरी, ठणठणीत आहे तुझा हात."

"मी पंच्याऐंशी टक्के प्राणवायूचंच रक्त सोडलंय, डॉक्टर. माणूस असता तर एव्हाना कासावीस झाला असता."

मुराद कसनुसे हसले. "अगं, एवढ्या काळ्या कातडीतून यंत्राचा उजेड पार जाईल तरी कसा? माझा सगळा माल अडकलाय. एखादा उजळ हात काढ ना."

नब्राने बिस्मिल्ला म्हणून नापासाचा शिक्का उमटवला.

"माझ्या आईलाही तुम्ही शहाण्णवच सांगून घरी धाडलंत," ती हळूच म्हणाली. "नाईलमधली नाव पैलतीराला लागायच्या आत आई गेली. तिच्याकडेही दुसरा, उजळ हात नव्हता."